तिसरा खटका

घरातले सगळे तिला थोरली म्हणायचे. ती आली तेव्हा पोरगा जन्माला यायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळे मानानं थोरली तीच. अडुसष्ट सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी. गर्द निळी, आणि पुढचं तोंड एवढं लांब की दोन माणसं त्यावर पाय पसरून झोपावीत. सासऱ्यांनी ती कारखान्यातल्या एका साहेबाकडून घेतली होती. साहेब गाव सोडून निघाले होते आणि गाडी बरोबर नेणं त्यांना झेपणारं नव्हतं. सासरे तेव्हा टूलरूममध्ये टर्नर होते. लेथवर लोखंड कातायचे, आणि केसाच्या जाडीचा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. अशा माणसाच्या हाती अशी गाडी पडली की काय होतं ते थोरलीकडे बघून समजायचं. तिची दारं अजून एका बोटाने लागायची. इंजिनाचं झाकण उघडलं तर आत हात फिरवून तो पांढऱ्या शर्टाला पुसावा इतकं ते स्वच्छ होतं.

सून या घरात आली तेव्हा तिचा समज झाला होता की गाडी नुसती ठेवलेली असेल. पण दर रविवारी सकाळी सासरे तिला बाहेर काढायचे, गावाबाहेरच्या रस्त्याने तासभर फिरवून आणायचे आणि परत आल्यावर इंजिन गार होईपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसायचे. तापलेलं लोखंड गार होताना टिकटिक आवाज करतं. तो आवाज थांबला की मगच त्यांचा रविवार संपायचा.

या सगळ्याला सुनेची काही हरकत नव्हती. हरकत निघाली ठमीमुळे.

ठमी आठ महिन्यांची होती. घर असं होतं की खाली गॅरेज, आणि गॅरेजातूनच लाकडी जिना वर यायचा. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. थोरलीसारख्या जुन्या गाड्या उभ्या उभ्यासुद्धा पेट्रोलचा वास सोडतात. मोठ्या माणसांच्या नाकाला त्याची सवय झालेली असते. ठमीच्या छातीला होत नव्हती. तीन महिन्यांत दोनदा तिला दवाखान्यात वाफ द्यावी लागली, आणि दुसऱ्या वेळी मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कसला वास असतो का? सुनेने सांगितलं. डॉक्टर लिहायचे थांबले आणि म्हणाले, मग औषध बदलून काही होणार नाही, वास बदला.

तेव्हापासून सुनेला श्वास मोजायची सवय लागली. ठमी झोपली की ती घड्याळ काढून शेजारी बसायची आणि मिनिटभर पोट वरखाली होताना बघायची. अडतीस आले की ती उठून कामाला लागायची. अठ्ठेचाळीस आले की पुन्हा मोजायची, चुकलं असेल म्हणून. बावन्न आले तर मोजत नसे, नुसती बसून राहायची. नवरा जहाजावर होता. फोनवर तो ‘डॉक्टर सांगतात तसं कर, पण बाबांना दुखवू नकोस’ एवढं म्हणायचा आणि नेमकी तिथेच रेंज जायची.

बाबांना दुखवायची वेळच आली नाही. तिने घाबरत घाबरत विषय काढला तर ते बराच वेळ बोटाने टेबलावरची रेघ घासत राहिले आणि म्हणाले, “बाहेर रस्त्यावर उभी करायची, तर त्यापेक्षा विकलेली बरी. तू जाहिरात लिही. फक्त माणूस मी निवडणार.”

माणूस निवडणं ही साधी गोष्ट निघाली नाही. पहिल्याला नुसतं इंजिन हवं होतं, बाकीची गाडी भंगारात. सासऱ्यांनी त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं. दुसरा म्हणाला, रंग काळा करून बाजूला ज्वाळा काढू. तिसऱ्याला ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती. सासरे म्हणाले, चालत्या माणसाला कोणी कोपऱ्यात उभं करतं का? महिना असाच गेला. थंडी तोंडावर आली होती. थंडीत खिडक्या लावाव्या लागतात, आणि खिडक्या लागल्या की वास बाहेर जायला वाट राहत नाही, हे सून रोज एकदा मनात म्हणायची. तिला गाडी थंडीच्या आत जायला हवी होती. बस, एवढंच हवं होतं.

मग चौथ्या आल्या त्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई.

पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले. एक जुनी गाडी त्यांच्याकडे आधीच होती. फोनवर त्यांनी भाव विचारायच्या आधी टायर कोणत्या सालचे आहेत ते विचारलं, तेव्हाच सासऱ्यांनी मान हलवली होती. रविवारी सकाळी त्या आल्या, बॅगेतून गुडघ्याखाली घ्यायची गादी आणि टॉर्च काढली आणि सरळ गाडीखाली गेल्या. सासरे हातात फडकं धरून शेजारी उभे. सून ठमीला कडेवर घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. तिथून सगळं दिसायचं आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावरूनच सौदा कुठवर आला ते कळायचं.

सौदा चांगला चालला होता. डॉक्टरीणबाई थोडं बोलायच्या आणि नेमकं बोलायच्या. हे कधी बदललं, ते कोणी केलं, का केलं. सासरे उत्तर द्यायचे आणि प्रत्येक उत्तरागणिक त्यांची पाठ थोडी ताठ व्हायची. इतकी वर्षं त्यांना हे प्रश्न विचारणारं कोणी भेटलंच नव्हतं. मीटर मैलात आहे आणि त्याकडे मी कधी बघितलेलं नाही, मैल हे माप मला पटत नाही, असंही त्यांनी सांगितलं. बाई हसल्या. भावाचं बोलणं पाच मिनिटांत आटपलं. आता फक्त आतली पाहणी राहिली होती.

त्या चालकाच्या जागेवर बसल्या. पाय क्लचपर्यंत पोहोचेनात म्हणून सीट पुढे घ्यायला त्यांनी खाली हात घातला, आणि तिथेच थांबल्या. बाहेर आल्या, गादी टाकून गुडघ्यावर बसल्या, सीटखाली टॉर्च मारला.

“हा खटका मूळचा नाही,” त्या म्हणाल्या.

सीटखाली एक लोखंडी पट्टी असते, तिला खाचा असतात. सीट पुढेमागे केली की एक खटका त्या खाचेत अडकतो आणि सीट तिथे पक्की बसते. तोच हा खटका.

सासरे खूश झाले. त्यांना वाटलं, बाईंची नजर किती तयार आहे. त्यांनी अगदी आनंदाने सांगायला घेतलं की तो खटका त्यांनी स्वतः केलाय, आणि तो तिसरा आहे. या गाडीत एकच खोड होती. सीट आपोआप पुढे सरकायची. चालत्या गाडीत कधी नाही. उभ्या गाडीत, आठवडाभरात. रविवारी येऊन बसावं तर एक खाच पुढे. दर रविवारी नाही, पण बऱ्याचदा. पहिल्यांदा त्यांना वाटलं खटका झिजलाय, म्हणून पहिला नवा केला. तरी सरकली. मग वाटलं, गॅरेजची जमीन पुढच्या बाजूला उतरती आहे. पाणसळ लावून बघितलं तर खरंच बोटभर उतार निघाला. फरशी उखडून नवी बसवली. तरी सरकली. मग आणखी कडक पोलादाचा दुसरा खटका, स्प्रिंग दुप्पट. तरीही. शेवटी निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात कारखान्याच्या लेथवर त्याच पोलादाचा, तशाच स्प्रिंगचा हा तिसरा केला, आणि तेव्हापासून आज अकरा वर्षं सीट जागची हललेली नाही.

“अठरा वर्षं लागली,” सासरे म्हणाले, “पण मी तिचा पिच्छा सोडला नाही.”

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च बंद केला. मूळचा खटका आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, सासरे म्हणाले, त्या फळीवर डब्यात. मग तो बसवून द्या, बाई म्हणाल्या.

सासरे म्हणाले, ते जमणार नाही.

इथून बोलणं बिघडत गेलं, आणि बिघडत होतं ते दोघंही खरं बोलत होते म्हणून. सासऱ्यांचं म्हणणं, ज्या खटक्यावर सीट सरकायची तो मी दुसऱ्याच्या गाडीत कसा बसवू? उद्या तुम्ही ब्रेक दाबायला गेलात आणि सीट हलली तर? माझ्या हातून धोक्याचा माल जाणार नाही. बाईंचं म्हणणं, घरी केलेल्या खटक्यावर मी हायवेला बसणार नाही, मग तो कितीही चांगला केलेला असो. आणि त्याहून मोठी गोष्ट त्यांनी अगदी शांतपणे सांगितली, माणसाला भूल देण्याआधी सांगतात तशा आवाजात.

“दोष का होता ते तुम्हाला अजून माहीत नाही, काका. कारण न कळता थांबलेली गोष्ट थांबलेली नसते. मी रोज हेच बघते.”

 सासऱ्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. बाई गादी गुंडाळायला लागल्या आणि म्हणाल्या, मी विचार करते, दोन दिवसांत कळवते. सुनेला ‘कळवते’चा अर्थ चांगला माहीत होता. तिने स्वतः लग्नाआधी नोकरीच्या सात मुलाखती दिल्या होत्या.

ती उठली. चहा तरी घेऊन जा, टाकलाच आहे, असं बाईंना म्हणाली. चहा टाकलेला नव्हता. आणि जिना चढून वर आली.

खरी गोष्ट अशी होती की सीट का सरकायची ते सुनेला कळून चुकलं होतं. आत्ताच, पायरीवर बसल्या बसल्या. अर्धं शनिवारीच कळलं होतं.

शनिवारी सासरे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते आणि जाहिरातीसाठी नवे फोटो काढायचे होते. गाडी हातभर मागे ढकलली तर दारातला उजेड नीट मिळाला असता. सून ढकलणार होती, आणि आत बसून ब्रेक सोडायला तिने सासूबाईंना सांगितलं. थोरलीचा तो गाडी उभी ठेवायचा ब्रेक साध्या गाड्यांसारखा नाही. तो पायाने दाबून लावायचा असतो, आणि सोडायची मूठ समोरच्या डॅशबोर्डच्या पोटाखाली, आत दडलेली. सुनेला ती पहिल्यांदा शोधायला पाच मिनिटं लागली होती. ती सांगणार होती, थांबा, दाखवते. पण सासूबाई आत बसल्या, डावीकडे न बघता, उजवीकडे न बघता सीटखाली हात घालून सीट दोन खाचा पुढे घेतली, क्लच दाबला, गिअर मोकळा केला आणि हात घातला तो थेट मुठीवर. रात्री दिव्याचं बटण सापडावं तसा. “ढकल गं,” त्या म्हणाल्या.

आणि ज्या बाईने आपल्याला गाडीतलं काही कळत नाही असं सुनेला चार वर्षं सांगितलं होतं, तीच ही बाई. तेव्हा सुनेने तोंड उघडलं नाही. सगळ्यावर नजर ठेवायची तिची सवय होती, पण बघितलेलं सगळं बोलून दाखवायची नव्हती.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. जिन्याचं दार उघडं होतं, म्हणजे खालचं बोलणं त्यांनी ऐकलेलं होतं. सोललेल्या दाण्यांच्या भांड्यात सालं पडली होती आणि सालांच्या भांड्यात दाणे.

सुनेने ठमीला त्यांच्या मांडीवर दिलं. गॅसवर पाणी ठेवलं. मग पाठ फिरवूनच विचारलं,

“आई, थोरलीचा ब्रेक सोडायची मूठ कुठे असते?”

 ठमीने मटाराची एक शेंग पकडली, ती सासूबाईंनी तिच्या हातातून सोडवली.

“शनिवारी बघितलंस होय.”

“हो.”

“मग तेव्हाच बोलायचंस.”

“मला काय करायचंय बोलून? तुमचं तुमच्यापाशी. पण आता त्या बाई चालल्यात.” तिने गॅस मोठा केला. “मी कोणाला काही सांगणार नाही, आई. तुम्हीच ठरवा.”

सासूबाईंनी ठमीच्या पाठीवर तळवा ठेवला. तसा त्या नेहमीच ठेवायच्या. पण आज सुनेच्या लक्षात आलं की त्यांचे ओठ किंचित हलताहेत. त्यासुद्धा मोजत होत्या. घड्याळ न बघता.

“काल रात्री किती होते?” त्यांनी विचारलं.

“पन्नास. पहाटे त्रेपन्न.”

“हं.” त्यांनी ठमीला सुनेकडे परत दिलं आणि पदराला हात पुसले. “चहा तू आण. मी पुढे होते. हे माझ्या हातून चहा घेतील की नाही, आता सांगता येत नाही.”

खाली डॉक्टरीणबाई बॅगेची चेन लावत होत्या. सासरे थोरलीच्या दिव्यांकडे बघत उभे होते, जणू तिचंच काहीतरी चुकलं होतं. सासूबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या. खाली उतरल्या नाहीत. पायरीवर उभं राहिलं की त्या सासऱ्यांच्या उंचीला यायच्या.

“अहो, ऐका. ती सरकत नव्हती,” त्या म्हणाल्या. “मी सरकवत होते.”

सासऱ्यांना आधी शब्दच कळले नाहीत. त्यांनी विचारलं, काय सरकवत होतीस?

सासूबाईंनी सांगितलं ते त्यांच्याकडे न बघता, डॉक्टरीणबाईंकडे बघून सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. ठमीचा बाप दोन वर्षांचा असताना एका दुपारी त्याचा श्वास अडकायला लागला. ओठ निळे. हे कारखान्यात, फोन शेजारी आणि शेजारी कुलूप. रस्त्यावर रिक्षा नाही, टांगा नाही, काही नाही. गॅरेजात गाडी, आणि चावी खिळ्याला. ह्यांच्या शेजारी बसून दर रविवारी बघितलं होतं, कुठला पाय कधी खाली जातो ते. पोराला शेजारच्या सीटवर उशांमध्ये बसवलं आणि निघाले. दवाखान्यापर्यंत पहिल्या गिअरमध्ये. दुसरा पडलाच नाही. इंजिन एवढं ओरडत होतं की रस्त्यावरची माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघत होती. पोराला वेळेत ऑक्सिजन मिळाला. तिथल्या नर्सनं सांगितलं, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर.

“मला आठवतंय,” सासरे हळू म्हणाले. “तू म्हणालीस टॅक्सी मिळाली.”

“म्हणाले. तुम्ही गाडीला कोणाला हात लावू देत नव्हतात. म्हटलं, आधी पोरगं बरं होऊ दे, मग सांगू.” त्या थांबल्या. “मग वाटलं, पुन्हा वेळ आली तर पहिल्या गिअरमध्ये जाऊन भागायचं नाही. म्हणून दर गुरुवारी काढायला लागले. गुरुवारी नळाला पाणी नसायचं, धुणं नसायचं. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि यायचं. बस.”

“गुरुवारी,” सासरे म्हणाले.

“सीट दोन खाचा पुढे घ्यावी लागायची. परत मागे लोटायची तर शेवटच्या खाचेपर्यंत माझे पाय पुरायचे नाहीत. उतरून हाताने लोटली की बसायची. पण कधी विसरायचे, कधी घाई असायची.”

“मी खटका केला.”

“हो.”

“झिजलाय समजून केला.”

“तेव्हाच सांगणार होते. तुम्ही इतक्या आनंदात घेऊन आलात तो, कागदात गुंडाळून. मग फरशी उखडलीत. आता फरशी उखडल्यावर माणूस कोणत्या तोंडाने सांगणार?”

“आठ दिवस गवंडी होता घरात.”

“मीच त्याला चहा देत होते.”

सून मधल्या पायरीवर ट्रे घेऊन उभी होती, आणि कपबशा वाजू नयेत म्हणून तिने ट्रे पोटाशी दाबून धरला होता. ठमी वर झोळीत एकटी होती. सुनेचे कान वर होते आणि डोळे खाली. डॉक्टरीणबाई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होत्या, सुटलेली नसतानाही.

सासऱ्यांनी विचारलं, “मागे कशी घ्यायचीस? या दारातून मागे घेताना मला घाम फुटतो.”

“सवयीने.”

“मग तो आरसा एकदा खरचटला होता, तो…”

“तो तुमच्याच हातून. गुरुवारी नाही, सोमवारी झालं ते. सणाची सुट्टी होती.”

 सासरे वळले, मागच्या फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर घेतली. कागद उलगडला. मूळचा खटका, एकोणतीस वर्षांनी. उजेडाकडे धरून त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. खिशातून भिंग काढलं, बघितलं, परत खिशात ठेवलं.

“ह्याला काहीच झालेलं नव्हतं,” ते म्हणाले. हे ते सासूबाईंना नाही, खटक्याला म्हणाले असावेत, कारण त्यात माफी मागितल्यासारखा सूर होता.

मग त्यांनी पाना घेतला, गुडघ्यावर बसले आणि आपला तिसरा खटका काढून मूळचा बसवला.  सीट पुढे घेतली, टक. आणखी पुढे, टक. मागे. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बसून तीनदा तेच केलं, पाय ब्रेकवर रोवून पाठीनं जोर दिला. सीट जागची हलली नाही.

“आता कारण कळलं,” त्या म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं हात पुढे करतील. पण त्या सासूबाईंकडे वळल्या. “माझी उंची तुमच्याएवढीच आहे, काकू. ही गाडी एवढ्या उंचीच्या बाईला कशी चालते ते काकांना सांगता येणार नाही. तुम्ही दाखवता?”

सासूबाई म्हणाल्या, छे, हे निवृत्त होऊन घरी बसले तेव्हापासून चालवली नाही, अकरा वर्षं झाली. आणि म्हणता म्हणता पायरी उतरल्या.

बाई शेजारी बसल्या. मागच्या सीटवर सासरे, गुडघे हनुवटीला टेकवून; थोरलीची मागची सीट माणसांसाठी नव्हतीच, आणि हे तिच्या मालकाला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. इंजिन सुरू झालं, जमीन थोडी थरथरली. सून ठमीला घेऊन बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिली. गाडी चालू असताना ठमीला आत ठेवायचं नाही हा तिचा नियम होता. थोरली दारातून मागे आली ती सुतासारखी सरळ, दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून. मग कोपऱ्यापर्यंत गेली, आणि कोपऱ्यावर दुसरा गिअर पडल्याचा आवाज सुनेला स्पष्ट ऐकू आला.

पंधरा मिनिटांत ते परत आले. सौदा गॅरेजातच पक्का झाला. सासऱ्यांनी दोन अटी घातल्या, पावसात उभी करायची नाही आणि रंग बदलायचा नाही. बाईंनी एक घातली, पहिले सहा महिने काही बिघडलं तर काकांनी येऊन बघायचं. “आणि काकूंनीही,” त्या म्हणाल्या. “सीट सरकली तर कोणाला विचारायचं ते कळलंय आता.”

त्या दिवशी सगळे जेवायला बसले. सुनेला धास्ती होती की आता हे दोघं महिनाभर अबोला धरतील आणि निरोप पोचवायचं काम तिच्या गळ्यात पडेल. ती दोघांच्या ताटांकडे आळीपाळीने बघत होती. ताक वाढताना सासूबाईंचा हात जरा घुटमळला. सासऱ्यांनी वाटी पुढे केली.

“पोरगा निळा पडला होता,” ते म्हणाले, “आणि मी तिकडे लेथवर होतो.”

“तुम्हाला काय माहीत असणार.”

“माहीत असायला हवं होतं. तिसऱ्या खटक्याच्या वेळी तरी.” त्यांनी ताक पिऊन वाटी खाली ठेवली. “फरशीचं मात्र मी विसरणार नाही.”

“नका विसरू,” सासूबाई म्हणाल्या. “फरशी चांगली झाली.”

पुढच्या शनिवारी थोरली गेली. कागदपत्रं झाली होती. नेताना डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या, कोणाला पाठवलं नव्हतं. सासरे फुटपाथवर उभे होते आणि कोपऱ्यावर गिअर बदलल्याचा आवाज येईपर्यंत हलले नाहीत. “दुसरा जरा लवकर टाकला,” म्हणाले आणि आत आले.

सुनेने गॅरेज तीनदा धुतलं. एकदा साबणाने, एकदा सोड्याने, आणि एकदा नुसत्या गरम पाण्याने, मनाच्या समाधानासाठी. तेलाचा एक डाग राहिला, गाडीच्या पोटाच्या आकाराचा, तो निघाला नाही. दार आणि खिडक्या आठ दिवस सताड उघड्या ठेवल्या. वास काही एका दिवसात गेला नाही. पायरीच्या लाकडात मुरला होता. पण दहाव्या दिवशी ती बाजारातून घरात शिरली आणि तिला कांदे परतल्याचा वास आला, त्याच्या आधी दुसरा कुठला नाही, तेव्हा पिशवी हातात तशीच धरून ती मिनिटभर जिन्याखाली उभी राहिली.

ठमीचे श्वास त्या आठवड्यात चव्वेचाळीसवर आले, मग चाळीसवर. मुलांच्या डॉक्टरांनी छाती दोन्ही बाजूंनी ऐकली आणि वाफ बंद करून बघू म्हणाले. सून मोजतच राहिली. पण आता ती एकटी मोजत नसे. दुपारी ठमीला घेऊन सासूबाई बसायच्या आणि सून आत येताच, तिने विचारायच्या आधीच आकडा सांगायच्या. त्यांचा आकडा घड्याळाशिवायही चुकत नसे.

थंडी सुरू झाली. खिडक्या लागल्या. ठमी रांगायला लागली, आणि रांगणाऱ्या पोराला घरातली एकच जागा खुणावते, जिन्याचं तोंड. सुनेची झोप पुन्हा उडायच्या बेतात होती. एका सकाळी ती उठली तर जिन्याच्या तोंडाशी एक लाकडी फाटक बसलेलं. कमरेएवढं, गजांच्या मधे ठमीचं डोकं जाणार नाही इतकं अंतर, कडा पॉलिश कागदाने घासून गोल केलेल्या. आणि बाजूला काळपट पोलादाचा एक खटका.

सुनेने तो ओळखला. कडक पोलाद, दुप्पट स्प्रिंग. तिसरा.

तिने फाटक हलवून बघितलं, मग जोरात हलवून बघितलं, मग खाली बसून ठमीच्या उंचीवरून खांद्याने ढकलून बघितलं. हललं नाही. सासरे दारात उभे राहून बघत होते.

“अकरा वर्षं टिकलाय,” ते म्हणाले. “आपोआप उघडणार नाही.”

मागून सासूबाई धुण्याची बादली घेऊन आल्या, ती कमरेवर तोलली, मोकळ्या हाताने खटका न बघता दाबला, फाटक उघडलं, बाहेर पडल्या आणि जिना उतरू लागल्या.

फाटक त्यांच्या मागे अर्धवट उघडं राहिलं होतं.

“बघ,” सासरे सुनेला म्हणाले, आणि हात लांब करून ते लावून घेतलं.